पद्माकाकूंच्या खोलीपर्यंतची तार

पद्माकाकूंच्या खोलीत गणपतीची आरती ऐकू यावी, एवढंच मी कबूल केलं होतं. त्यासाठी कम्युनिटी हॉलपासून त्यांच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत एक तार ओढायची, बस्स. पुढे त्या तारेवर आकाशवाणी लखनौ कशी चढली, सक्सेनांच्या घरातलं भांडण चार घरांत कसं ऐकू गेलं, आणि केबलवाला राजेश माझ्या दारात उभा राहून "अंकल, हमारे पेट पर लात मत मारिए" असं का म्हणाला, याचा जाब सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला विचारण्यात आला. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभी हयात घालवलेला माणूस. तार म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये, असं माझं प्रामाणिक मत होतं. ते कॉलनीत कोणाचंच नव्हतं.

आमच्या कॉलनीत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, पण गणपती मात्र दणक्यात. याचं कारण पद्माकाकू. आरती त्या सांगायच्या. म्हणजे पहिला सूर त्यांचा, कुठली आरती आधी आणि कुठली नंतर हे त्यांनी ठरवायचं, आणि कोणी कडवं खाल्लं की डोळे वटारायचे. मंडळाचे अध्यक्ष धनंजयराव एका बँकेत मोठे साहेब आहेत, पण काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं की त्यांच्या टाळ्या ठेक्यात पडायच्या.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला काकू स्वयंपाकघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, आता उभं राहायचं, चालायचं. काकू उभ्याच राहीनात. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज यायची, लाडीगोडी लावायची, रागवायची, शेवटी तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं. काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. "एकदा पडले ना? आता पुरे झालं," एवढंच म्हणायच्या. त्यांचा मुलगा प्रसाद मला जिन्यात गाठून म्हणाला, "काका, डॉक्टर सांगतात, अशीच पडून राहिली तर मग ती कधीच उठणार नाही. काही सुचत नाही हो."

मी आणि माझी बायको सरोज काकूंना भेटायला गेलो. मी म्हटलं, "काकू, गणपतीला तुम्हाला खुर्चीत बसवून खाली नेतो. चौघं जण धरू."

"चौघं जण उचलून नेतात ते एकदाच, भास्कर," काकू भिंतीला म्हणाल्या. "त्याची घाई कशाला? आरती तेवढी माझ्या कानावर पडू दे. मग मी मोकळी."

'मोकळी' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की सरोज पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "काकू, आरती तुमच्या खोलीत ऐकवतो. माझा शब्द." या वयात माणसाने शब्द जपून द्यावेत, हे मला नंतर अनेकांनी सांगितलं.

काकूंची नात आर्या तिथेच होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "इसमें क्या है अंकल, वीडियो कॉल कर लो ना, यार." मला 'यार' म्हणणारी ती कॉलनीतली एकमेव व्यक्ती. तर आरतीच्या सरावाला आम्ही व्हिडिओ कॉल लावला. आता हे नवे फोन भलतेच शहाणे असतात. माणसाचा आवाज कुठला आणि गोंगाट कुठला, हे ते स्वतःच ठरवतात. त्या फोनने झांजा, टाळ्या, घंटा आणि निम्मं मंडळ हे सगळं गोंगाटात काढलं आणि मधूनमधून धनंजयरावांचा खोकला तेवढा स्वच्छ पोचवला. काकूंनी फोन उपडा घातला.

तेव्हा मी जाहीर केलं, "तार ओढू. तार कोणाला गोंगाट म्हणत नाही."

"निवृत्त झाल्यापासून तुम्हाला तार ओढायला निमित्तच हवं होतं," सरोज म्हणाली. बायकोच्या बोलण्यातलं खरं तेवढं नेमकं न ऐकण्याची एक कला असते, ती मी नोकरीतच शिकलो होतो.

लाटूश रोडवर जाऊन मी तारेचं भेंडोळं, ॲम्प्लिफायर आणि काही स्पीकर घेऊन आलो. ते रिक्षातून उतरवेपर्यंत सल्लागार जमले. शेजारचे अवस्थी जी म्हणाले, "गोगटे साहब, ब्लूटूथ कर लीजिए." मी म्हटलं, ब्लूटूथ एवढं लांब जात नाही. "तो दो ब्लूटूथ कर लीजिए," ते म्हणाले. दुसऱ्या एकाने सुचवलं की आरतीच काकूंच्या खोलीत करावी आणि गणपती हॉलमध्येच ठेवावा. या सूचनेवर तिथे गंभीर चर्चा झाली, आणि मी माझं भेंडोळं उचलून घरात गेलो.

मग आली सोसायटीची परवानगी. आमचे सेक्रेटरी सक्सेना जी म्हणजे अदब म्हणजे काय याचा चालताबोलता नमुना. लखनौत नकार असा मिळत नाहीच. चहा मिळतो, पान मिळतं, घरच्यांची चौकशी होते, आपण खुशीत घरी येतो आणि जेवताना लक्षात येतं की आपल्याला नाही म्हटलंय. सक्सेना म्हणाले, "आपका काम तो सर आँखों पर, गोगटे साहब. मगर नियमावली में तार का ज़िक्र ही नहीं है. अब जिसका ज़िक्र ही नहीं, उसको मना कैसे करें? और हाँ भी कैसे करें?" मी विचारलं, मग करायचं काय? "आप बिस्कुट लीजिए," ते म्हणाले.

खरी अडचण दशहरीची होती. हॉल आणि काकूंची इमारत यांच्या मधल्या पार्कात सक्सेनांनी मलिहाबादहून स्वतः आणून लावलेलं दशहरी आंब्याचं झाड आहे. तार त्याच्या फांद्यांतून जाणार होती. झाडाला तारेचा त्रास होईल, पुढच्या मोसमाला मोहर धरणार नाही, अशी त्यांना काळजी. त्या झाडाला आजवर एकदाही आंबा आलेला नाही. पण हे लखनौत कोणी कोणाला तोंडावर सांगत नाही, आणि मीही आता इथलाच झालोय. शेवटी तार झाडाला वळसा घालून न्यायची असं ठरलं, तेव्हा सक्सेनांनी उठून माझा हात हातात घेतला.

तार ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर माकडं झोके घेत होती. माझ्या तारेला त्यांनी जी पसंती दिली, तशी कॉलनीतल्या एकाही माणसाने दिली नव्हती. अवस्थींच्या सल्ल्यावरून मी लंगूरचं मोठं रंगीत चित्र आणून गच्चीवर बांधलं, कारण लंगूरला माकडं घाबरतात. त्यांनी चित्राभोवती बसून त्याची पाहणी केली, एकाने त्याचं नाक फाडून खाल्लं, आणि मग सगळी पुन्हा तारेवर गेली. मी खाली उभा राहून काठी आपटत होतो आणि येणारेजाणारे अदबीने "नमस्ते, गोगटे साहब" म्हणत होते. साहेब म्हणवून घ्यायला ती वेळ बरी नव्हती.

पुन्हा तार ओढली. आता चाचणी घ्यायची, तर आरतीला अवकाश. मी हॉलमधल्या ॲम्प्लिफायरला माझा रेडिओ जोडला आणि सकाळची भजनं काकूंच्या खोलीत सोडली. धावत तीन मजले चढलो. स्पीकरच्या लाकडी डब्यातून स्वच्छ, खणखणीत आवाज येत होता. काकू भिंतीकडेच तोंड करून होत्या. पण चादरीवर त्यांचं एक बोट ताल धरत होतं. मी ते पाहिलं, प्रसादने पाहिलं, आणि आम्ही दोघं शहाण्यासारखे काही न बोलता बाहेर आलो.

आणि इथे माझी खरी फजिती सुरू झाली. काकूंच्या खाली तळमजल्यावर सक्सेनांच्या आई राहतात. सगळे त्यांना अम्मा जी म्हणतात. त्यांनी वरून येणारी भजनं ऐकली आणि निरोप धाडला की पद्मा जी के यहाँ जो लगा है, वो हमारे यहाँ भी लगेगा. सेक्रेटरीची आई! एक डबा तिथे बसवला. मग अवस्थींच्या वडिलांनी विचारलं, आम्ही काय पाप केलंय? तिथे एक बसवला. मग धनंजयरावांनी आपल्या सासूबाईंसाठी मागितला. चार घरं झाली. मी सकाळी हॉलमध्ये जाऊन रेडिओ लावायचा आणि दुपारी बंद करायचा, अशी माझी नोकरी लागली. बरं, ऐकणारे समाधानी असावेत? छे! अवस्थींच्या वडिलांना बातम्या हव्यात. अम्मा जींना बातम्या आल्या की छातीत धडधडतं. धनंजयरावांच्या सासूबाईंना क्रिकेटची कॉमेंट्री हवी, वय वर्षं ऐंशी, आणि मॅच नसेल त्या दिवशी त्या मला जबाबदार धरायच्या.

यात मी एक केलं. आमच्या रेल्वेत कंट्रोलचा फोन असतो. एकाच तारेवर सगळी स्टेशनं. कंट्रोलने हुकूम द्यायचा आणि स्टेशनने तो उलट वाचून दाखवायचा. उलट उत्तर आलं नाही तर हुकूम पोचलाच नाही असं धरतात. ऐकणारा नुसता ऐकतोय आणि बोलत नाही, ही कल्पनाच सिग्नल खात्यातल्या माणसाला सहन होत नाही. म्हणून मी प्रत्येक डब्यात एकेक छोटा माईकही बसवला आणि उत्तर ऐकायला हॉलमध्ये एक स्पीकर ठेवला. आवाज पोचला की तिकडून "हाँ, आ रहा है" म्हणायचं. साधी, सुरक्षित, अनेक वर्षं गाड्या आपटू न देणारी पद्धत.

पण कंट्रोलच्या तारेवर सगळी स्टेशनं सगळ्यांचं ऐकतात, हे मला माहीत असलं तरी अम्मा जींना माहीत नव्हतं. बुधवारी भजन संपल्यावर त्यांनी कामवालीला आपल्या सुनेविषयी जे सांगायचं ते सविस्तर सांगितलं. सूनबाई त्याच वेळी अवस्थींकडे मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच डब्यात तोंड घालून उत्तर दिलं. अम्मा जींना वाटलं भजनातली बाई बोलतेय. मग कळलं, आणि मग जे झालं ते चारही घरांनी ऐकलं. धनंजयरावांच्या सासूबाईंनी तर मला आवर्जून कळवलं की कॉमेंट्रीपेक्षा हे चांगलं आहे, रोज ठेवा.

मीटिंग भरली. केबलवाला राजेश खास पाहुणा म्हणून आला होता, कारण मी त्याचा धंदा बुडवायला निघालोय अशी बातमी तोवर चौकापर्यंत गेली होती. "आज रेडियो दे रहे हैं, कल टीवी देंगे, अंकल. हम कहाँ जाएँगे?" मी सांगत होतो, अरे बाबा, मला एक आरती पोचवायची आहे. सक्सेनांनी अत्यंत अदबीने माझी सालटी काढली. "गोगटे साहब हमारे बुज़ुर्ग हैं, विद्वान हैं, मगर तार..." असं म्हणून ते थांबले, आणि त्या थांबण्यात माझी सगळी इज्जत गेली. ठराव आला, तार काढून टाका.

माझे कान तापले. रागाने नव्हे, खरं सांगतो, भीतीने. काकूंचं ते एक बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी उठलो आणि तावातावाने काही बोलणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "हटा के तो दिखाओ!" अम्मा जी. सूनबाईंचा हात धरून आल्या होत्या. त्या स्फोटानंतर दोघींमध्ये जे काही बरीच वर्षं तुंबलं होतं ते एकदाचं वाहून गेलं होतं आणि आता दोघी मिळून सक्सेनांवर चालून आल्या होत्या. "तार हटी, तो हम दशहरी के नीचे धरने पर बैठेंगे," अम्मा जी म्हणाल्या. "और मैं अम्मा जी के साथ," सूनबाई म्हणाल्या. सक्सेनांनी घाम पुसला आणि बिस्किटं मागवली.

तडजोड अशी झाली. गणपती उठेपर्यंत तार राहील, पण माईक काढायचे. मी खालमानेने विचारलं, पद्माकाकूंचाही? मग सक्सेना हळू आवाजात म्हणाले, "उनका रहने दीजिए. वो तो बेचारी बोलती ही नहीं हैं." राजेशची समजूत वेगळी काढावी लागली. तो म्हणाला, माकडांचा बंदोबस्त मी करतो, माझ्या केबलच्या बरोबरीने तुमची तार भिंतीतून आत नेतो, पण आरतीच्या आधी माझं नाव पुकारायचं. मी कबूल झालो. माझ्या स्वाभिमानाचं एव्हाना असं झालं होतं की आणखी थोडा गेला तरी कळलं नसतं.

गणेश चतुर्थीला हॉल खच्चून भरला. मूर्ती बसली, पूजा झाली. मी ॲम्प्लिफायरपाशी बसलो आणि शब्दाला जागून माईकवर म्हणालो, "यह आरती आप तक राजेश केबल के सौजन्य से." मंडळ माझ्याकडे बघत राहिलं. राजेशने हात जोडून चारही दिशांना नमस्कार केला.

आता आरती सांगायची कोणी? धनंजयराव पुढे झाले. त्यांनी खाकरून पहिला सूर लावला तो असा काही चढा की बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला पुरुष सुटले. तिसऱ्या ओळीला झांजा एकीकडे, टाळ्या दुसरीकडे, आणि धनंजयराव लालबुंद होऊन एकटेच वर लटकलेले. मी डोळे मिटले. ही आरती काकूंच्या कानावर पडणार होती! एवढे उपद्व्याप करून मी त्यांना हे पोचवत होतो! मला वाटलं, तार आत्ताच्या आत्ता स्वतःच्या हाताने तोडावी.

तेवढ्यात हॉलच्या स्पीकरमधून आवाज आला.

"धनंजय! अरे, काय किंचाळतोस? खाली घे."

सगळा हॉल जागच्या जागी थिजला. एका लहान पोराने मूर्तीकडे पाहून हात जोडले. काकूंचा आवाज होता. बारीक, खरखरीत, कितीतरी आठवडे न वापरलेला.

"गप्प काय झालात? पुन्हा पहिल्यापासून. माझ्यामागून म्हणा."

आणि काकूंनी सूर लावला. तो सूर कापत होता, पण जागेवर होता. बायकांनी उचलला, पुरुषांनी उचलला, झांजांनी वाट पाहिली आणि बरोबर सापडल्या. धनंजयराव सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बँकेतल्या माणसांनी ते पाहायला हवं होतं.

शेवटचं कडवं आलं आणि स्पीकरमध्ये काहीतरी घासल्याचा आवाज झाला. मग धप्प. मग काकूंचा आवाज बंद.

मी उभा राहिलो. हॉलभर टाळ्या थांबल्या. सरोजने माझा दंड इतक्या जोरात धरला की तिची बोटं उमटली. पडल्या. पुन्हा पडल्या, आणि मी पाडलं, माझ्या तारेने पाडलं. मी माईक हातात घेतला, पण त्याचं बटणच सापडेना. शेवटी सरोजनेच माईक ओढून घेतला आणि ओरडली, "प्रसाद! काय झालं रे?"

मग प्रसादचा आवाज आला. तो हसत होता की रडत होता, कळत नव्हतं.

"सरोजकाकू, उशी पडली हो. आई... आई उभी आहे. कॉट धरून उभी आहे!"

"मग?" मागून काकूंचा आवाज आला. "आरती काय लोळत म्हणायची असते? थांबलात का सगळे? अर्धी सोडता का आरती? चला!"

काय सांगू तुम्हाला! हॉलमध्ये जो गलका झाला तो कुठल्याही तारेशिवाय काकूंच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला असेल. सक्सेना अवस्थींच्या गळ्यात पडले. अम्मा जींनी सुनेचा मुका घेतला. मी, सिग्नल खात्यातला निवृत्त माणूस, ॲम्प्लिफायरला मिठी मारून ढसाढसा रडलो, आणि कोणाचीही लाज वाटली नाही. मग आरती पुरी झाली. लगेच शंकराची झाली, देवीची झाली. कोणीच थांबायला तयार नव्हतं, कारण आरती चालू आहे तोवर काकू उभ्या आहेत, हे प्रत्येकाला कळलं होतं. धनंजयराव आणखी एक सुरू करणार, तेव्हा सरोजनेच त्यांना चिमटा काढून आवरलं. "अहो, म्हाताऱ्या बाईचे पाय!"

स्पीकरमधून काकूंचा धापा टाकणारा आवाज आला. "बसते आता. प्रसाद, नीट धर. आर्या, उशी दे मागे." मग थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला, आणि सगळा हॉल तोही कान देऊन ऐकत होता.

"भास्कर," काकू म्हणाल्या.

"हां, काकू."

"उद्या वेळेवर सुरू करा रे. उगीच ताटकळत उभं ठेवू नका मला."